आजीच्या बोटावरची लोकर

मित्रांनो, मी एक जुना, जांभळ्या लोकरीचा गुंडा आहे. मनीषनगरच्या एका फ्लॅटमध्ये, पलंगाखालच्या पेटीत मी बरीच वर्षे पडून होतो. कसर लागून एका जागी मी कच्चाही झालो होतो. आज मला माझा एक गुन्हा कबूल करायचा आहे.

घरातली मिनल उन्हाळी शिबिरात सुयांशिवाय, नुसत्या बोटांवर विणायला शिकून आली. ते तिने आपल्या आजीला, अनुसयाबाईंना शिकवायला घेतले. आजींनी उमरेडला चाळीस वर्षे हातमाग चालवलेला. मुलाकडे राहायला आल्यापासून हाताला काम नव्हते आणि रिकामा दिवस त्यांना खायला उठे.

रीत सोपी होती. मला चार बोटांतून नागमोडी न्यायचे, तसेच परत आणायचे, असे दोनदा. मग प्रत्येक बोटावरचा खालचा वेढा वरच्यावरून उचलून बोटामागे टाकायचा. फक्त मला सैल ठेवायचे.

"आजी, ढिलं ठेव ना वं!" मिनल म्हणे.

"ढिल्या सुताचं कापड कोण घेते वं?" असे म्हणत आजी मला आणखी ताणत. मागावर त्या तेच शिकल्या होत्या.

साखळी घट्ट, सुबक उतरत होती. "पाय, कशी दोरीवानी आली!" आजी म्हणाल्या आणि मी फुगलो. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझे कौतुक केले होते. माझ्याखाली त्यांचे बोट निळे पडत होते. साखरेच्या आजाराने बोटे बधिर झाल्यामुळे त्यांना ते कळत नव्हते, मला मात्र दिसत होते. माझा कसर लागलेला भाग नेमका त्याच बोटावर होता. तिथे मी तुटलो असतो तर कुणी नावे ठेवली नसती. पण मला तो कमीपणा वाटला. मी धरून राहिलो.

शेवटी आजींच्या मुलाने, पंकजने, मला कात्रीने कापले. बोट सुजले होते, कातडी फाटली होती.

"हे काहून करून राहिली तू, आई? आता हे बंद!"

आठ दिवस आजी हात पदराखाली झाकून बसल्या. मला स्वतःची लाज वाटत होती.

नवव्या दिवशी मिनलने मला स्वतःच्याच बोटांवर घेतले आणि हात आजींपुढे धरला. "वेढे तू उचल, आजी."

आजींनी भीतभीत एक वेढा उचलला, सवयीने ओढला आणि लगेच सोडला.

"तुले लागन वं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला सैल केले, पुरते सैल.

मित्रांनो, चार शब्द कौतुकाचे मिळावेत म्हणून कुणाला आवळू नका. आजींच्या बोटावर अजून व्रण आहे. त्याच बोटाने त्या रोज मला मायेने कुरवाळतात आणि तेच मला सोसत नाही.