अर्धा इंच सैल

गाडीची सीट अडकली ती नेमकी हिच्या जागी. माझ्या जागी अडकली असती तर मी कुणाला सांगितलंही नसतं.

आमची ही बुटकी आणि मी ताडमाड. गाडी एकच, त्यामुळे रोज कुरबुर ठरलेली. कुणी सीट पुढे घेतली, कुणी मागे ठेवली. "तुमच्या पायांना गाडी पुरत नाही. तुम्ही आपले बसनं जात जा," ती म्हणायची. शेवटी हे भांडण तिच्या धाकट्या भावाने मिटवलं. त्याला ती खटपट्या म्हणायची. लहानपणी त्याने घरातलं चालतं घड्याळ उघडलं होतं, तेव्हापासूनचं नाव. आता तेच त्याचं पोट भरतं. गाडीत कंपनीने घातलेल्या पण लपवून ठेवलेल्या पुष्कळ सेटिंग असतात. स्टिअरिंगखालच्या खोबणीत वायर खुपसायची, लॅपटॉप जोडायचा आणि त्या उघडून हव्या तशा बदलायच्या, हा त्याचा धंदा.

बहिणीसाठी त्याने काय काय करून दिलं होतं. गाडी लॉक केल्यावरही दिवे थोडा वेळ चालू राहायचे, म्हणजे तिला पायऱ्या दिसाव्यात. गाडी मागे घेताना डावा आरसा आपोआप खाली वाकायचा, कारण तिने फुटपाथला दोनदा चाक घासलं होतं. पट्टा लावला नाही तर वाजणारी घंटी हळू केली होती. "गाडी आहे की सासू?" असं तीच म्हणाली होती. आणि सगळ्यात शेवटी किल्ल्या. तिच्या किल्लीने गाडी उघडली की सीट पुढे सरकून वर उचलली जायची, माझ्या किल्लीने मागे जायची. त्या दिवशी ती म्हणाली, "आता भांडायचं तरी कशावरून?" मग तिने दुसरं काहीतरी शोधलं.

ती गेल्यावर तिची किल्ली खुंटीला तशीच राहिली. एकदा माझी सापडेना, म्हणून मी तिची घेतली. दार उघडून उभा होतो, तेवढ्यात रिकामी सीट घुर्र करत पुढे आली, जराशी वर झाली आणि थांबली. ही नीट सावरून बसली की अशीच थांबायची. वाटलं, आता म्हणेल, बसा की, उशीर होतोय.

त्यानंतर मी रोज सकाळी खाली जायला लागलो. माझं शिवणकामाचं दुकान चालत जाण्याइतकं जवळ आहे, गाडी लागत नाही. मी शेजारच्या सीटवर बसायचो आणि तिच्या किल्लीचं बटण दाबायचो. मग माझ्या किल्लीचं. मग पुन्हा तिच्या.

एका सकाळी सीट पुढे आली आणि मागे जाईना. मी गाडी तशीच चालवून बघितली. गुडघे स्टिअरिंगला, डोकं छताला. फाटकाच्या खांबाला बंपर लागला. तो बघून मेहुणा रविवारी लॅपटॉप घेऊन आला.

"भाऊजी, या वयात खांबाशी कुस्ती?" त्याने वायर जोडली आणि पायरीवर बसून पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही गाडी किती चालवता?"

"फारशी नाही."

"तेच म्हणतो मी. किलोमीटर वाढलेच नाहीत. पण सीटची मोटार तापल्याच्या नोंदी आहेत, पानंच्या पानं. सीटच्या जागा लक्षात ठेवणारा तो खालचा डबा जळलाय. कुणी लहान मूल खेळत होतं का आत?"

त्याने मान वर केली, खुंटीवरून आणलेली ती किल्ली माझ्या हातात बघितली आणि पुन्हा पडद्यात मान घातली.

"सीट अडकली म्हणालात तेव्हाच शंका आली, म्हणून जुन्या गाडीचा एक चांगला डबा आणलाय," तो हळू म्हणाला. "बसवतो, कोडिंग करतो. दिवे, आरसा, घंटी, किल्ल्या, ताईचं सगळं परत लावून देतो. त्याची कॉपी आहे माझ्याकडे."

"आणि तिची जागा?"

"ती या जळक्या डब्यात आहे. मघापासून तेच ओढायला बघतोय. नाही निघत, भाऊजी."

"मग नको बदलूस."

"नको तर नको. पण हा डबा असाच ठेवलात तर सीट कधीच हलणार नाही. रोज उठून बघणार काय तुम्ही?"

तेव्हा मला टेप आठवली. सीट तर आत्ता तिच्याच जागी होती. जन्मभर लोकांची मापं घेतली, हे एक माप घेता येणार नाही? मी दुकानात जाऊन टेप आणि खडू घेऊन आलो. मेहुण्याने आणलेल्या डब्याचं खोकं फाडून पुठ्ठा मांडीवर घेतला. मी गुडघ्यावर बसलो आणि दुकानात सांगतो तशी मापं सांगत गेलो. ब्रेकच्या पट्टीपासून सीटची कड. जमिनीपासून उंची. स्टिअरिंगच्या मधोमधपासून पाठ. तो लिहीत गेला. मधेच त्याला हसू आलं. "ताई असती तर म्हणाली असती, माझ्या कपड्यांना कधी इतका वेळ दिला नाहीत."

"म्हणायचीच ती."

डबा बदलून झाला. लॅपटॉपवर पट्टी हळूहळू भरत गेली, दिवे लागले आणि विझले, आरसा वाकला, सरळ झाला. मग सीट मागे गेली. पार मागे.

पुठ्ठ्यावर बघून मेहुण्याने मापं वाचली, मी टेप धरली, तो सीटचं बटण थोडं थोडं दाबत गेला. सगळं जुळल्यावर त्याने ते तिच्या किल्लीवर चढवलं. "बसा तिकडे," तो म्हणाला.

मी शेजारच्या सीटवर बसलो आणि तिची किल्ली दाबली. सीट पुढे आली, वर झाली, थांबली.

"झालं ना?"

मी सीटच्या कडेकडे बघत होतो. "जरा मागे थांबली."

"टेपनं लावलंय की."

"माप सांगताना मी सैल धरलं असेल."

त्याला कळलं नाही. मी समजावून सांगितलं. दुकानात मी अंगाचं माप कधी बोलतच नाही. टेपवर एक आकडा दिसतो, तोंडातून अर्धा इंच वाढवून निघतो, कापड अंगाला दाटू नये म्हणून. इतक्या वर्षांत मनात हिशोब होतच नाही, तोंड आपोआप वाढवतं.

"मग अर्धा इंच पुढे घेऊ, त्यात काय!"

"वाढवला असेल तर ना. नसेल वाढवला तर मी ते आता बिघडवीन."

"आठवा बरं. पहिलं माप घेतलंत तेव्हा..."

मी आठवून बघितलं. टेप आठवली, त्याचा पुठ्ठा आठवला, तो हसला ते आठवलं. टेपवर कोणता आकडा होता ते आठवेना. तिची टाच टेकायची तिथली चटई झिजली होती, त्या झिजेवरून सीटची जागा काढायला गेलो. पण शेवटच्या दिवसांत ती वाळली होती, सीट आणखी पुढे घ्यायची. झिजलेली जागा आधीच्या सगळ्या वर्षांची होती.

"अर्ध्या इंचानं काय होतंय, भाऊजी?" मेहुणा म्हणाला. पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. तोही सीटकडेच बघत होता. मग त्याने स्वतः बसून बघितलं, बहिणीच्या अंगाचा अंदाज घ्यायला. त्याचं पोट स्टिअरिंगला लागलं. तो तसाच थोडा वेळ बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून.

जाताना म्हणाला, "हवं तर किल्लीवर सीट हलायचं बंदच करून टाकतो. एक सेटिंग आहे."

"राहू दे."

त्याने वायर काढून गुंडाळली. जळका डबा घेऊन चालला होता, तो मी मागून घेतला. त्यातून काही निघत नाही, हे मला माहीत आहे.

तिची किल्ली आता मशीनच्या खणात आहे, बटणांच्या डबीशेजारी. मी ती दाबत नाही. सीट पुढे येईल, थांबेल, आणि ती बरोबर थांबली की चूक, हे मला सांगता येणार नाही.

दुकानात मात्र एक बदल झालाय. आता मी प्रत्येक माप दोनदा बोलतो. आधी अंगाचं, मग सैल धरून. गिऱ्हाईक हसतात. म्हणतात, मास्तर, एकदा ऐकलं आम्ही.