कोपऱ्यातला अंगठा

“अहो, धावत या! चोरी झालीये आपल्याकडे!”

आमचे हे गालावरचा साबणाचा फेस तसाच ठेवून बाहेर आले. आधी दाराची कडी पाहिली, मग कपाट पाहिलं. मी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. सुया मागवायला एका मोठ्या दोरा कंपनीची वेबसाइट उघडली होती, आणि पहिल्याच पानावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझी खिडकी! माझी रंगीत रिळं, माझी मोठी कात्री, त्यांच्यावर पडलेलं कोवळं ऊन.

“हा तर आपला फोटो,” हे म्हणाले.

“आपला नाही, माझा! मी माझ्या दुकानाच्या पानावर टाकला होता. न विचारता उचललाय मेल्यांनी!”

खरं सांगायचं तर रागापेक्षा आनंदच जास्त होता. पुढच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करून देणारी मी, आणि माझी खिडकी अख्ख्या जगासमोर! त्या धांदलीत हातातली पँट दोन बोटं जास्तच आखूड झाली. पण फोटोखाली नाव कुणाचंच नव्हतं. तिथे माझं नाव आलंच पाहिजे, हे मनाने घेतलं ते घेतलंच.

मी लगेच नणंदेला फोन लावला. ती वकिलाच्या ऑफिसात नोटिसा टाइप करते, म्हणजे निम्मी वकीलच. संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन थेट आत शिरली.

“वहिनी, चहा नंतर. आधी मूळ फोटो काढ.”

“पानावर आहे की.”

“तो त्यांच्याकडेही आहे. मोबाइलमधून पहिल्यांदा निघाला तो हवा, न कापलेला. मग बघ कॉपीराइटची नोटीस कशी ठोकते!”

जुने फोटो यांच्या कॉम्प्युटरवर होते. तिघं डोकी एकत्र करून बसलो. पंप, पंपाचं झाकण, मांजर, पुन्हा पंप, मशीनवर वाकलेली माझी पाठ. हे सगळे माझ्या सासऱ्यांचे, अण्णांचे उद्योग. जन्मभर पंप दुरुस्त केले, आणि निवृत्त झाल्यावर माझा मोबाइल हाती लागला. दिसेल त्याचा फोटो काढायचे आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा यायचा. “अण्णा, अंगठा आवरा!” हे ओरडायचे. “पुढच्या वेळी बघतो,” अण्णा म्हणायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

“सापडला!” नणंद किंचाळली.

खिडकी, रिळं, कात्री, ऊन. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, भलामोठा, धूसर अंगठा.

मग मला सगळं आठवलं. त्या सकाळी मी शिवत होते. “सूनबाई, तुझी खिडकी बघ काय दिसतेय!” असं म्हणत अण्णांनीच तो काढला होता. मला आवडला, म्हणून मी कोपरा कापून पानावर टाकला. पुढे लोक कौतुक करत गेले आणि तो माझाच होऊन बसला.

“वहिनी, जिंकलो!” नणंद टाइप करायला लागली होती. “हा कोपरा जगात फक्त आपल्याकडे आहे. याहून मोठा पुरावा कुठला? हं, फोटो काढणाऱ्याचं नाव...”

तिची बोटं थांबली. हेही माझ्याकडे बघेनात.

“कायदा काय म्हणतो?” मी विचारलं.

“ज्याने काढला, हक्क त्याचा. तो गेला की वारसांचा. म्हणजे माझा आणि दादाचा.”

“खिडकी माझी, रिळं माझी, मोबाइल माझा, आणि मी कुणीच नाही?”

“या फोटोपुरती तरी नाहीस गं वहिनी.”

तिघंही हसलो. पण वाईट वाटलंच, नाही कशाला म्हणू? दिवसभर त्या जागी मी माझं नाव मनातल्या मनात वाचत होते.

“अण्णांचं लिही,” मी म्हटलं. “पूर्ण नाव लिही.”

“आणि फोटो काढून टाका म्हणायचं, की ठेवा म्हणायचं?”

हे म्हणाले, “ठेवू देत. पण आपण पाठवतोय तोच लावायचा म्हणावं. कोपरा कापायचा नाही.”

कंपनीचं उत्तर आलं. चूक झाली, माफी असावी, नाव नक्की देऊ. फक्त मूळ फोटोत कुणाचा तरी अंगठा आलाय, तेवढा काढला तर चालेल ना? नणंदेने एकाच शब्दात कळवलं, “अंगठ्यासकट.”

आणि एका सकाळी तिचा फोन आला. “वहिनी, उघड! आत्ताच्या आत्ता उघड!”

उघडलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी खिडकी. खाली बारीक अक्षरांत अण्णांचं नाव. कोपऱ्यात अंगठा.

“अहो, धावत या!”

हे फेसासकट आले. मोबाइल माझ्या हातून घेतला, आणि धरताना त्यांचा अंगठा नेमका त्या कोपऱ्यावर आला.

“अहो, दिसतंय का काही?”

“दिसतंय,” हे म्हणाले, आणि अंगठा तिथेच राहू दिला.