तावकेच्या टाकीचं माप

ज्या खोलीत मी माझ्या आईची खाट टाकणार होते, त्याच खोलीत माझा नवरा रांगत रांगत माशासाठी माप घेत होता.

"को," मी नवऱ्याला हाक मारली, "हे काय चाललंय?"

"तावकेसाठी जागा बघतोय."

तावके म्हणजे शेठ. आमच्या घरात हा मान माशाला आहे. अख्ख्या पोन्तियानाक शहरात माझ्या नवऱ्याला, तेतसिनला, कुणी शेठ म्हणत नाही, मग त्याने घरातच एक पाळला. लाल अरोवाना, माझ्या हातापेक्षा थोडासाच आखूड. मिशा पुढे काढून असा फिरतो, जणू दुकान त्याच्या बापाचं आहे.

"जुन्या टाकीत त्याला वळता येत नाही गं, लान. वळताना शेपूट काचेला घासते. बिचाऱ्याची पाठ वाकडी होईल."

"आणि माझ्या आईला जिना चढता येत नाही, त्याचं काय? तिचा खुबा मोडलाय, खुबा!"

आई सिंकावांगला एकटी राहायची. न्हाणीत पाय घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली. भाऊ जकार्ताला, उंच इमारतीत. तिथे ती जाईना. लेकीकडे राहा म्हटलं, की तोंड फिरवायची. "पोटचा मुलगा असताना जावयाच्या दारात जाऊन पडू? लोक शेण घालतील तोंडात." कशीबशी महिन्याच्या बोलीवर तयार झाली होती. मला महिना नको होता. मला ती कायमची हवी होती. सिंकावांगचा फोन वाजला, की आता काय ऐकावं लागणार, या धास्तीला मी कंटाळले होते.

मग आमचं जोरदार भांडण झालं. खोलीला लागूनच आमचं कॉफीचं दुकान; तिथे माझे दोन घाणे चॉइपान, म्हणजे वाफवलेल्या करंज्या, वाफेवर फाटले, गिऱ्हाइकं कॉफी अर्धी टाकून पळाली, आणि शेवटी ठरलं की खोली एकच, राहणारे दोन. आई आणि मासा.

माशांच्या दुकानात मालक आफुकने तेतसिनला नेहमीसारखं स्टुलावर बसवलं. "लांबी सोडा, रुंदी बघा. अरोवानाला पळायचं नसतं, वळायचं असतं. माझ्याकडे दोनशे चाळीस सेंटिमीटरची तयार आहे, अशी ऐसपैस की आत तुम्ही झोपाल."

तेतसिनने खिशातून फीत काढली. शुभमापाची फीत. आकडा लाल घरात पडला तर बरकत, काळ्या घरात पडला तर संकट. दार, टेबल, गल्ला, सगळं आम्ही तिच्यावरच मोजतो. त्याने ती काचेला लावली, डोळे बारीक केले आणि मान हलवली. "दोनशे चाळीस काळ्यात जातंय. दोनशे बेचाळीस लाल आहे. तेवढी बनवून द्या."

"दोन सेंटिमीटरसाठी नवी टाकी?" आफुकने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? लग्नाच्या वेळी मी याला फीत लावून पाहिली नव्हती."

मग निघाला सोबत्यांचा विषय. इतका खल आमच्या लग्नातही झाला नव्हता. आफुक म्हणाला, "तोंडात मावेल असा मासा ठेवायचाच नाही, नाहीतर सकाळी तो दिसणार नाही. मिशा कुरतडणाराही नको. दुसरा अरोवाना तर नावसुद्धा काढू नका, दोन शेठ एका टाकीत नांदत नाहीत. आणि तळाशी वळवळणारं काही नको. तावके सारखा खाली बघायला लागला, की त्याचे डोळे लोंबणार. मग त्याला कोण शेठ म्हणेल?" शेवटी पट्ट्यापट्ट्यांचे दोन धिप्पाड टायगर मासे ठरले. थंड डोक्याचे, आपण बरं, आपलं काम बरं.

"आणि सासू?" मी विचारलं.

आफुकने खरोखर विचार केला. "तोंडात मावत नाही ना? मग चालेल."

आई आली. काठी टेकत टाकीसमोर उभी राहिली. तावके काचेजवळ आला. दोघं एकमेकांना निरखत राहिले.

"हा काय खातो?"

"कोळंबी, बेडूक, झुरळं," तेतसिन कौतुकाने म्हणाला.

"आणि करतो काय?"

"घरात बरकत आणतो, मा."

"तुमचे सासरेही स्वतःबद्दल हेच सांगायचे."

दुसऱ्याच दिवशी तेतसिन विटा घेऊन आला. आईची खाट बुटकी, टाकी उंच. तावके दिवसभर वाकून आईकडे बघतो, त्याचे डोळे लोंबतील, म्हणून खाटेच्या चारी पायांखाली विटा!

माझा संताप संताप झाला. "लाज वाटते का रे? माशाच्या डोळ्यांसाठी माझ्या मोडक्या आईला माळ्यावर चढवतोस?"

"मी चढवीन ना त्यांना. रोज चढवीन, रोज उतरवीन."

"ओरडू नकोस गं," आई म्हणाली. "वरून दुकानसुद्धा दिसेल."

आणि खरंच, माझा आळशी नवरा आईला सकाळी अलगद उतरवायचा, रात्री अलगद चढवायचा. दिवसा खाटेवरून ती मला ओरडून सांगायची, की चॉइपानची पारी जाड झालीय. तावके तिच्या हातची कोळंबी उडी मारून घ्यायचा. तेतसिनने दिली तर हुंगायचाही नाही. तेतसिन हिरमुसला.

"तुम्ही फार लाडीगोडी लावता त्याला," आई त्याला म्हणाली. "वाढायचं आणि गप्प बसायचं."

असा महिना संपत आला. एका दुपारी बघते तर आईची बॅग भरलेली. "चालते आता. पाय टेकतोय. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं." मी रडले, चिडले, जेवणार नाही म्हणाले. ती ढिम्म. गाडी यायला वेळ होता, म्हणून चाळा म्हणून तिने खिडकीतली फीत उचलली आणि खाटेवर बसल्या बसल्या टाकीला लावली. तेतसिन दुसरं टोक धरून उभा होता.

"किती म्हणालात?"

"दोनशे बेचाळीस, मा. लालभडक!"

"कुठल्या ओळीत?"

फितीवर ओळी दोन असतात. वरची जिवंत माणसांच्या घरांची. खालची कबरींची आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्याची. आमच्या शहाण्याने चष्म्याशिवाय खालची ओळ वाचली होती. वरच्या ओळीत दोनशे बेचाळीस काळं होतं, आणि आफुकची तयार टाकी, दोनशे चाळीसची, चक्क लाल!

तेतसिन पांढराफटक पडला. "कबरीचं माप... तुमच्या उशाशी..."

"चांगलं माप आहे. तुमच्या सासऱ्यांची कबर बांधली तेव्हा फीत मीच धरली होती. शेजारी माझी जागाही याच ओळीने मोजलीय."

ते ऐकून तो धावतच बाहेर गेला आणि हातोडा घेऊन आला. मी खरंच घाबरले. ज्या तावकेसाठी पाणी तो तळहातावर घेऊन चाखून बघायचा, त्याच्याच टाकीवर त्याने हातोडा उगारला होता. "यांना काही झालं तर मी तुला काय तोंड दाखवू, लान? फोडतो! मा, तुम्ही आधी बाहेर व्हा!"

इतकी वर्षं मी या माणसाला नुसता मासेवेडा समजत होते.

"ठेवा तो खाली," आई म्हणाली. "फोडाल आणि शेठला काय माझ्या खाटेवर निजवाल? बसा." तो बसला. आईने फितीच्या दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. "वरची ओळ येणाऱ्याजाणाऱ्यांची. आज इथे, उद्या तिथे. खालची ओळ, ज्यांना आता कुठे हलायचं नाही, त्यांची. मी आले पाहुणी म्हणून, आणि तुम्ही माझी खोली कायमची मोजून ठेवलीत."

"चुकून, मा!"

"चुकून का होईना, मोजलीत ना? लान, गाडीवाला आला की परत पाठव."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "पण लोक काय म्हणतील? तूच म्हणायचीस."

"सांग त्यांना, जावयाने कबरीचं माप घेऊन बोलावलं. नाही कसं म्हणणार?" असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

मला इतका आनंद झाला, की मी नवऱ्यावर कडाडले. "चष्मा लाव, चष्मा लाव म्हणून घसा कोरडा केला मी! ऐकलंस कधी?"

तो खाली मान घालून म्हणाला, "उद्यापासून लावतो."

"काही गरज नाही," मी म्हणाले.