मनामा ते दोहा, कुवेतमार्गे

मनाम्याहून दोह्याला विमान पाऊण तासात पोचतं. माझी बहीण नाइला लग्न होऊन दोह्याला गेली, तेव्हा आमच्या आईला तेवढाच दिलासा होता. नाइला दर सुट्टीला घरी यायची. मनाम्याजवळच्या आमच्या मुहर्रकमधल्या शेजारणी आईला चिडवायच्या, की बदरिया, तुझी पोरगी सासरी कुठे गेली, तिने नुसती खोली बदलली.

मग दोन्ही देशांचं बिनसलं आणि विमानं बंद झाली. नाइलाला तेव्हा दिवस गेले होते. लतीफा झाली, ती आईने फोनवरच पाहिली. पुढे आम्ही कुवेतला भेटायला लागलो. आम्ही इकडून जायचो, ती तिकडून यायची. हॉटेलात तीन-चार दिवस सगळे एकत्र. आई घरून विजेची शेगडी न्यायची आणि खोलीत चोरून मासळीचा भात शिजवायची. निघताना विमानतळावर सगळे रडायचे आणि दोन वेगळ्या दारांनी आत जायचे. पुढे आईचे गुडघे दुखायला लागले, तसं तेही थांबलं.

विमानं पुन्हा सुरू झाल्यावर नाइला म्हणाली, मी येते. पण आईनेच हट्ट धरला, की या वेळी मी जाणार. तोवर तिने दोहा पाहिलं नव्हतं.

मी सोबत होतो. विमान वर गेलं, हवाईसुंदरीने रस दिला आणि आईचा अर्धा पिऊन झाला तोच पेले गोळा करायला ती परत आली. विमान उतरायला लागलं.

"यूसुफ, काय झालं? माघारी फिरलं का?" आईने विचारलं.

"नाही युम्मा. दोहा आलं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणाली, "तुम्ही जवळ म्हणायचात ते माझी समजूत काढायला, असं विमानं बंद झाल्यावर वाटायला लागलं मला. लांब आहे म्हणून मी इतकी वर्षं गप्प बसले रे."



बाहेर नाइला आईच्या गळ्यात पडली. लतीफा मात्र चक्रावून आजीकडे बघत होती.

"तू कुवेतहून आलीस? तुझं हॉटेल बंद झालं का?"

आम्ही हसलो. आई हसली नाही. तिने गाडीत नातीला शेजारी बसवलं आणि सांगितलं, की ते हॉटेल माझं नव्हे, माझं घर मुहर्रकला आहे. लतीफाचा विश्वास बसला नाही.

आठवडाभर राहायचं ठरवून आलेली आई तिसऱ्या दिवशी परत निघाली, लतीफाला घेऊन. जावई गानिम म्हणाला, पोर आईशिवाय कधी राहिलेली नाही. आई म्हणाली, माझ्याकडे राहील.

लतीफाने घर पाहिलं, गच्चीवर नाचली, आजीच्या कोंबड्यांना दाणे टाकले. दुपारी जेवायच्या वेळी मात्र भोकाड पसरलं. हलवा दिला, भाजलेली मासळी दिली, कशाने थांबेना. आईने शेवटी हार मानली आणि नाइलाला फोन लावला.

संध्याकाळच्या नमाजाची बांग व्हायच्या आत नाइला दारात उभी होती. बॅग नाही, काही नाही, खांद्याला नुसती पर्स. लतीफा तोवर कोंबड्यांपाशीच झोपून गेली होती.

"हिला उठवू नकोस," आई म्हणाली. "आधी जेवून घे."