रंगाऱ्याची शिडी, पानांचा मांडव

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. आठ पायऱ्यांची, घडीची. माझ्या अंगावर इतक्या रंगांचे शिंतोडे उडाले आहेत की माझं लाकूड मुळात कुठल्या झाडाचं, हे आता मलाही सांगता यायचं नाही.

मला घडवलं एका सुताराने, पण माझं आयुष्य गेलं एका रंगाऱ्याच्या खांद्यावर. त्याच्याबरोबर मी किती घरं पाहिली! शाळेचे वर्ग, दवाखान्याचा जिना, नव्या जोडप्याचं स्वयंपाकघर, वर्षानुवर्षं बंद असलेली एखादी खोली. काम संपलं की लोक रंगाचं कौतुक करायचे, क्वचित रंगाऱ्याचंही. माझं कौतुक त्याने एकट्याने केलं. "कुरकुरते फार, पण दगा देत नाही," असं तो म्हणायचा. मी माणसं पावलांवरून ओळखते. त्याचं उजवं पाऊल आधी यायचं, मग जरा थांबून डावं.

त्याची बायको लवकर वारली. त्यामुळे शाळेला सुट्टी असली की तो मुलीला कामावर घेऊन यायचा. आठ-नऊ वर्षांची ती पोर खाली उभी राहून मला दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि वर हुकूम सोडायची.

"बाबा, तिथे रंगाचा एक पट्टा सुटला."

"दिसतोय मला."

"दिसतोय तर सुटला कसा?"

"घेतो हं, मुकादम!"

तेव्हापासून तिचं नाव मुकादमच पडलं.

वर्षातला एक दिवस मात्र आम्ही रंगकामाला जात नसू. त्या दिवशी चर्चच्या अंगणात मांडवांच्या सणासाठी मांडव घातला जायचा. पवित्र शास्त्रात सांगितलं आहे की गुलामीतून सुटलेले लोक चाळीस वर्षं रानात राहिले. त्याची आठवण म्हणून त्यांना दरवर्षी सात दिवस डहाळ्यांच्या मांडवात राहायची आज्ञा झाली. या चर्चमध्ये त्या सणाची एक उपासना बाहेर, उघड्यावर व्हायची. छताच्या डहाळ्या विरळ ठेवायच्या, वरचं आकाश दिसलं पाहिजे, असा तिथला दंडक. रंगारी दरवर्षी माझ्यावर चढून त्या बांधायचा आणि दरवर्षी तेच बोलायचा, "जन्मभर लोकांच्या भेगा बुजवल्या, आणि इथे म्हणे फटी ठेवा!"

मुलगी मोठी झाली, दूरच्या शहरात नोकरीला लागली. गेल्या वर्षी मांडव घालायच्या आदल्या दिवशी रंगाऱ्याने अंगणातूनच तिला फोन लावला. कमी ऐकू यायचं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला; तिचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"येतेस का? शिडी धरायला कोणी नाही."

"बाबा, या वेळी रजा नाही हो मिळत. मावशींना सांगा ना धरायला. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर चढू नका."

"बरं, मुकादम."

मावशी म्हणजे चर्चची झाडलोट करणारी बाई. दुसऱ्या दिवशी सकाळभर तिने मला धरून ठेवलं. छत बांधून पुरं झालं. रंगारी आठच्या आठ पायऱ्या उतरला आणि सगळ्यात खालच्या पायरीवर टेकला. त्याने चपला काढल्या. "मावशी, पाणी आणता का जरा?" तो म्हणाला. "पेला काठोकाठ भरू नका. सांडतो."

मावशी आत गेली. त्याने माझ्यावर पाठ टेकली. मला वाटलं, दमलाय. मग पाठ जड झाली, आणखी जड झाली, आणि हलेना.

मित्रांनो, त्याचं जाणं एवढंच होतं. पण अंत्यविधीच्या उपदेशात पाळकसाहेब म्हणाले, "सर्वांत वरच्या पायरीवर, देवाच्या मांडवासाठी हात उंचावलेले असताना आपल्या भावाला बोलावणं आलं!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते उशिरा पोहोचले होते. 'शिडीवर गेला' एवढं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं. वरची पायरी आणि उंचावलेले हात त्यांनी भक्तिभावाने आपल्या पदरचे घातले. लोक हुंदके देऊन रडले. इतकं चांगलं वाक्य दुरुस्त कोण करणार?

उंचावलेले हात सगळ्यांना दिसले. मुलीला दिसलं ते वेगळंच: वर चढलेला बाप, आणि खाली शिडी धरायला कोणी नाही.

सगळे पांगल्यावर ती अंगणात आली. लहानपणी धरायची तसं तिने मला दोन्ही हातांनी धरलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. "मी यायला हवं होतं," एवढंच म्हणाली. खरं काय ते फक्त मी आणि मावशी जाणत होतो. मावशी स्वयंपाकघरात पेले विसळत होती, आणि लाकडाला वाचा नसते.

त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. "तिच्यावरूनच पडला ना तो?" असं म्हणत मला सामानाच्या खोलीमागे उभं केलं. पावसाने माझ्या बिजागऱ्या गंजल्या. मागच्या पायाला वाळवी लागली. छत बांधायला चकचकीत धातूची शिडी आली.

या वर्षी सणाला मुलगी आली. शेवटच्या रांगेत, पाहुण्यासारखी बसली. वाऱ्याने गीतांच्या पुस्तकांची पानं फडफडत होती, लोक ती अंगठ्याने दाबून धरत होते. पाळकसाहेबांनी उपदेशात पुन्हा तीच वरची पायरी आणली, तेच हात. मुलगी मधूनच उठली आणि थेट माझ्यापाशी आली. मागोमाग मावशी.

"काय गं पोरी? बरं वाटत नाही का?"

"मावशी, शिडी कोणी धरली होती त्या वेळी?"

"कुणीच नाही."

मुलीने डोळे मिटले.

"अगं, धरायची कशाला? खाली उतरले होते ते! हे इथे, या पायरीवर बसले होते. काम आटोपून, चपला काढून."

"पण पाळकसाहेब तर..."

"त्यांना कुणी काय सांगितलं, देव जाणे. मी झाडू मारणारी बाई, मी कुठे मध्ये तोंड घालू? आणि मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

"मला वाटत होतं, ते पडले."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं माझे बाई! वर्षभर हेच घेऊन बसलीस? पडायला काय नवशिके होते ते?"

"काही म्हणाले?"

"पेला काठोकाठ भरू नका, सांडतो म्हणाले."

मुलगी हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा विस्कटला. "माझ्याबद्दल काही?"

मावशीला एक गोड खोटं सहज बोलता आलं असतं. पण तसल्या एका खोट्याने वर्षभर काय केलं, ते तिला आत्ताच समोर दिसलं होतं.

"नाही गं बाळा," ती म्हणाली. "काही नाही."

मुलगी मातीतच बसली आणि रडली. वर्षभरात प्रथमच तिचं रडणं फक्त बाप गेल्याचं होतं.

उपदेश संपून गीत सुरू झालं होतं. ते संपल्यावर ती उठली, रांगांमधून पुढे गेली आणि पाळकसाहेबांशी हळू बोलली. त्यांनी चष्मा काढला. "पुढच्या रविवारी सांगतो मी सगळ्यांना," ते म्हणाले.

"आत्ताच सांगा ना. सगळे इथेच आहेत."

पाळकसाहेब ध्वनिक्षेपकासमोर गेले.  मग म्हणाले, "मी चुकीचं सांगत आलो. आपले रंगारी भाऊ खाली उतरले होते. काम झालं होतं. ते बसले होते. त्यांनी पाणी मागितलं होतं."

कोणी हुंदका दिला नाही. ते काही तसं वाक्य नव्हतं.

मित्रांनो, म्हाताऱ्या शिडीने शेवटी काय मागावं? मला सावलीत ठेवा, रंगवा, असं मी म्हणणार नाही. माझा एक पाय आतून पोकळ झालाय; माझ्यावर आता कोणीही चढू नका. मागणं एकच आहे. कोणाचं माणूस गेलं आणि ते जाताना तुम्ही जवळ असलात, तर त्याच्या लेकरांकडे स्वतःहून जा आणि घडलं तसं सांगा. ते विचारतील याची वाट पाहू नका. विचारायला त्यांना फार भीती वाटते.