भिंतीबाहेरचा माचा

मी बांबूचा माचा बोलतोय. चार ठेंगणे पाय आणि त्यावर ठोकलेल्या बांबूच्या पट्ट्या, एवढाच माझा पसारा. मला पाठ नाही, हात नाहीत, गादीही नाही. पण बँकॉकपासून दूर, ईशान्येकडच्या आमच्या इसानच्या खेड्यांत माझ्याशिवाय घर नसतं. घरं खांबांवर उभी असतात आणि घराखालच्या सावलीत मी असतो. भाज्या माझ्यावर चिरतात, पोरं माझ्यावर झोपवतात. भांडणं माझ्यावर बसून होतात आणि माझ्यावरच मिटतात. वर घरात कुणी बोलावल्याशिवाय जात नाही. खाली माझ्याकडे यायला आमंत्रण लागत नाही.

मला बांधलं ते म्हाताऱ्या थोंगदीनं. त्याची मुलगी सायफिन वीस वर्षं बाहेर राहून नवऱ्याला घेऊन गावी परतली होती. नवरा स्वीडनचा. नाव एस्किल, पण ते शेवटचं अक्षर गावातल्या जिभांना पेलवेना, म्हणून तो एस्किन झाला. आयुष्यभर त्यानं लाकडी होड्या बांधल्या होत्या. आता बायकोसाठी घर बांधायचं म्हणत होता, बापाच्या घराला लागून असलेल्या तिच्या जागेत. थोंगदी म्हणाला, "घर होईल तेव्हा होईल. आधी गड्यांना जेवायला बसायला काहीतरी हवं." आणि त्यानं आपल्या बेटातले बांबू तोडले.

म्हणजे मी घराच्या आधी जन्मलो. हे मी जरा मिरवतो, दुसरं मिरवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

ते आठ महिने माझे सुखाचे. दुपारी गवंडी, सुतार, सायफिन, थोंगदी आणि शेजारची बुन्मा माझ्यावर गोल करून बसायचे. मधे चिकट भाताच्या टोपल्या, कच्च्या पपईची झणझणीत कोशिंबीर, भाजलेले मासे. एस्किन आधी आपला बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा, मांडीवर ताटली घेऊन. एक दिवस बुन्मानं ती खुर्चीच उचलून विटांच्या ढिगावर ठेवली.

"जावईबापू, आमच्यात एकटं जेवतात ते आजारी तरी असतात नाहीतर चोर तरी. तुम्ही कोण?"

तो माझ्यावर येऊन बसला. मांडी घालता येईना. गुडघे कानापाशी आले. सायफिन हसून हसून बेजार झाली. "बगळा बसवलाय की काय," म्हणाली. पण महिन्याभरात बगळा मांडी घालायला शिकला. भाताचा गोळा बोटांनी वळायलाही शिकला. अर्धा भात माझ्या फटींतून खाली कोंबड्यांना जायचा ते सोडा.

घराचे खांब उभे राहिले, वर लाकडी घर चढलं. आणि मग एस्किननं खालच्या खांबांमधे भिंती घालायला काढल्या. सगळीकडून बंद. जिना आत, एक दार, दोन लहान खिडक्या.

थोंगदी भिंतीभोवती एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "खाली भिंत घातलीस तर माणसं बसायची कुठं?"

"वर," एस्किन म्हणाला. "वर मोठी खोली आहे. कोच आहे."

बुन्मा म्हणाली, "सगळ्यांच्या घरांचे पाय दिसतात, आणि याच्या घराला घोट्यापर्यंत लुंगी नेसवलीय."

सगळे हसले, एस्किनही हसला, पण भिंत चढतच गेली. त्याच्या थंड देशात खालून उघडं घर म्हणजे पाय पांघरुणाबाहेर, असं काहीतरी तो मोडक्यातोडक्या बोलीत समजावत होता. सायफिन बापाला हळूच म्हणाली, "राहू दे बा. त्याच्या हाडांत अजून बर्फ आहे. वितळलं की तोच पाडील."

मला वाटतं, तिला ते नक्की ठाऊक होतं. पण ते बघायला ती राहिली नाही. जानेवारीत, वरच्या लाकडी जमिनीला तेल लावायचं तेवढं बाकी असताना, नळाशी कपडे धुता धुता ती कोसळली. डोक्यात रक्त साकळलं होतं. इस्पितळात दोन दिवस होती. गवंड्यांचा हिशेब आटोपला होता, ते पांगले. अंत्यविधी झाला, गाव आपापल्या कामाला लागलं.

एस्किननं जमिनीला तेल एकट्यानं लावलं. खालच्या दाराला कुलूप बसवलं. मी तिथे दारात पायात येत होतो, म्हणून त्यानं मला ओढत घरामागे नेलं आणि पाण्याच्या रांजणाशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं.

तिथून मला काय दिसायचं? भिंत. वर एक खिडकी, तिच्यात कधीतरी त्याचं डोकं. कोंबड्या माझ्यावर बसून घाण करायच्या. ओल लागून माझा एक पाय काळा पडला. बांबूला भुंगा लागला की बारीक पिठासारखा भुसा गळतो. तो माझ्या अंगातून गळायला लागला. पण खरं सांगतो, त्याचं दुःख नव्हतं. बांबूचं आयुष्य चार-पाच वर्षांचं, ते आम्हाला जन्मापासून माहीत असतं. दुःख रिकामं राहण्याचं होतं. बसणारंच कुणी नसेल तर मी माचा कसला, नुसतं सरपण.

वाटेवरून जाणारी बाया-माणसं रिवाजाप्रमाणे वर बघून विचारायची, "जेवलात का, जावईबापू?" खिडकीतून उत्तर यायचं, "जेवलो." संपलं. विचारणारं माणूस क्षणभर थांबायचं आणि पुढे जायचं. अहो, आमच्याकडे हा प्रश्न पोटाचा नसतो. दोन घटका टेकू का, असं विचारणं असतं ते. पण टेकणार कुठे? कुलूप लावलेल्या दारासमोर उन्हात? हे त्याला सांगणारी एकच होती, आणि ती गेली होती.

थोंगदी रोज आपल्या घराखाली एकटा बसलेला असायचा. त्याच्यात आणि एस्किनमधे वीस पावलांचं अंतर होतं. दोघांचंही माणूस एकच गेलेलं. मार्चच्या अखेरीस एस्किन त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "तिचं शंभराव्या दिवसाचं पुण्यकार्य झालं की मी जातो. माझ्या देशात. कुलूप लावीन, किल्ली तुम्हाला."

"मी किल्ली घेऊन काय करू? ओवाळू?" थोंगदी एवढंच म्हणाला आणि सुपारी कातरत राहिला. तो रागावलेला नव्हता. जावयाकडे बघावं लागू नये म्हणून तो कातरत होता. मी घरामागून ऐकत होतो. मला त्या क्षणी हातपाय हलवता आले असते तर मी त्या दोघांच्या मधे जाऊन उभा राहिलो असतो.

शंभरावा दिवस एप्रिलच्या मध्यावर उजाडला. ऊन असं की कोंबड्यासुद्धा चोच उघडी टाकून पडल्या होत्या. पहाटेच रिवाजाप्रमाणे बायका आपापले सुरे, खलबत्ते, पातेली घेऊन आल्या. भिख्खू वर गेले. आणि खाली बायका उभ्याच राहिल्या. एस्किननं दार उघडून दाखवलं. आत हत्यारं, खोकी, आणि भट्टीसारखी धग. "वर या, सगळ्या वर या," तो म्हणत होता. पण भिख्खू मंत्र म्हणत असताना त्यांच्या शेजारी मासे कोण साफ करणार?

शेवटी थोंगदी म्हणाला, "चला, माझ्याकडे."

पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं. जाता जाता बुन्माची नजर माझ्यावर गेली. "हा इथे सडतोय," म्हणून तिनं आणखी दोघींना हाक मारली आणि मला उचलून नेलं. थोंगदीच्या घराखाली मला झाडलं, पुसलं, आणि किती दिवसांनी माझ्यावर भाजी चिरली गेली. भिख्खू जेवून गेले. गाव जेवायला बसलं. सायफिनच्या लहानपणच्या खोड्या निघाल्या, रडत रडत सगळे हसायला लागले.

एस्किन आपल्या घरी, तिच्या फोटोसमोर एकटाच होता. हसण्याचा आवाज ऐकून तो खाली आला. उन्हात, कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"तुम्ही रागावलात माझ्यावर?" त्यानं विचारलं.

बुन्मानं हातातला सुरा खाली ठेवला. "राग कसला? आम्हाला वाटलं तुम्हाला कुणी नकोय. दार बंद, खाली भिंत. आम्ही काय समजायचं?"

"मला वाटलं, तुम्ही तिच्यासाठी येत होता. ती नाही, म्हणून येत नाही."

थोंगदी माझ्यावर बसला होता. तो म्हणाला, "आधी सावलीत ये. नाहीतर तुझेपण शंभर दिवस घालावे लागतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी घणाचे आवाज यायला लागले. थोंगदी बघायला गेला. एस्किन भिंत पाडत होता. ज्या हातांनी विटा रचल्या त्याच हातांनी, पांढऱ्या भुकटीनं माखून. म्हातारा वाकला. पडलेल्या विटा उचलून एका बाजूला लावू लागला. चार दिवस लागले. घराचे पाय मोकळे झाले, आणि मला आणून त्यांच्या मधोमध ठेवलं.

आता खोटं का बोलू? गाव काही रोज लोटत नाही. तरुण पोरं बँकॉकला, शेतं दूर. बुन्मा येते, कधी आणखी एक-दोघी. पुष्कळ दुपारी मी रिकामाच असतो. सायफिन जिथे बसायची त्या कडेला एस्किन अजून बसत नाही. माझा काळा पाय आता वाकलाय, त्याखाली विटेचा तुकडा सरकवलाय.

परवा संध्याकाळी दोघेच बसले होते. थोंगदीनं समोर बघत विचारलं, "कधी निघणार?"

एस्किननं वर बघितलं, आजूबाजूच्या खांबांकडे बघितलं. दार भिंतीबरोबरच गेलं होतं.

"जाऊ कसा, बा? कुलूप कुठे लावू?"

थोंगदी हसला नाही. भाताची टोपली त्यानं त्याच्याकडे ढकलली.

मी फार दिवस टिकणार नाही. येत्या पावसाळ्यात कधीतरी कुणाच्या तरी वजनानं मोडेन. मोडलो तर खुशाल मला चुलीत घाला आणि माझ्यावर भात शिजवा. एवढंच मागणं आहे, तोवर कुणीतरी येत जा. काम नसलं तरी या. हे दोन म्हातारे तुम्हाला बोलावणार नाहीत, त्यांना बोलावता येत नाही. म्हणून मी बोलावतोय.