सुई चढत होती

मी दोनच सीटची, उघड्या डोक्याची विलायती गाडी बोलतेय. स्वभावानं जरा चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. थंडीच्या देशात जन्मलेल्या बाईला मे महिन्यात मोरिवलीच्या पत्र्याखाली उभं करून ‘हस जरा’ म्हणायचं, हे काही खरं नाही.

माझा पहिला मालक कारखान्यातला गोरा साहेब. परत जाताना त्यानं कुत्रा नेला, मला ठेवलं. मग याच्या-त्याच्या अंगणात गंजत मी उल्हासनगरच्या भंगारात पोचले. तिथे माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. त्या कोंबडीला हुसकून मला घरी आणलं ते हरिचंद्रांनी.

हरिचंद्र मोरिवलीच्या कारखान्यात फिटर होते. कामावरून सुटले की शेडमध्ये यायचे आणि माझा एकेक नट सोडवायचे. त्यांची बायको संजीवनीबाई मला सवत म्हणायच्या, आणि तरी माझा बंपर घासून लख्ख केला तो त्यांनीच. सीट उल्हासनगरच्या सोफेवाल्यानं शिवली. मी पहिल्यांदा धडधडले त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले गेले.

पुढे काचबिंदूनं हरिचंद्रांची नजर नेली. समोरचा माणूस त्यांना सावलीसारखा दिसू लागला, मग गाडी कसली चालवणार? आणि उभी गाडी गंजते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मला नवं घर शोधायचं ठरलं.

इथेच घोळ झाला. हरिचंद्रांनी गल्लीतल्या राजसीला शब्द दिला. ती औषधांच्या कंपनीत नोकरीला, नुकतीच नाशिकला बदली झालेली. मला रोज चालवीन म्हणत होती. त्याच दिवशी, त्यांना न विचारता, संजीवनीबाईंनी हितेशला शब्द दिला. त्याचा जवळच सोनिवलीला लग्नाचा हॉल आहे.

“काकी, गेटवर चौथरा बांधून वर बसवतो. इंजिन निकालके आत फुलं भरू. एकदम सेल्फी पॉइंट!” हितेश म्हणाला.

माझी फुलदाणी करायला निघाला होता! पण संजीवनीबाईंचंही खोटं नव्हतं. “नाशिकला गेली ती गेलीच,” त्या म्हणाल्या. “सोनिवलीला असली तर ह्यांना हात तरी लावता येईल.”

शब्द दोन आणि गाडी एक. शेवटी हरिचंद्रांनीच तोड काढली. राजसीनं मला सोनिवलीपर्यंत नेऊन परत आणायचं. मी स्वतःच्या चाकांवर चालत घरी आले तर तिची, वाटेत दोरी बांधावी लागली तर हितेशची.

काल दुपारी आम्ही निघालो. राजसी स्टिअरिंगवर, हरिचंद्र शेजारी, मागे हितेशचा टेम्पो. त्यातली दोरी मला आरशात दिसत होती आणि काही केल्या तिच्यावरून लक्ष हटत नव्हतं.

जाताना सगळं ठीक झालं. परतताना मात्र रस्ता भरला. हळद लागलेला नवरा देवाला निघाला होता. पुढे बँजो आणि नाचणारी माणसं, मागे बायका.

“अरे, उघडी गाडी!” नवऱ्याचा मामा ओरडला. “चढवा नवऱ्याला हिच्यावर!”

राजसी घाबरली. “काका, नाही म्हणा ना. गाडी तापेल.”

“हळदीच्या नवऱ्याला नाय म्हणायचं नसतं, बाय,” हरिचंद्र म्हणाले. “बसू दे.”

मला त्यांचा भयंकर राग आला. नवरा माझ्या पाठीवर चढून बसला आणि नाचणाऱ्यांच्या चालीनं मी पहिल्या गिअरमध्ये सरकू लागले. वारा लागला तर मी थंड राहते. इथे वारा नव्हताच, आणि आतलं पाणी उकळीला आलं होतं.

“टेंपरेचरची सुई कुठं हाय?” हरिचंद्रांनी विचारलं.

“मधोमध.”

“आणि आता?”

राजसीनं पुन्हा पाहिलं, सुई वर चढली होती. त्यांना सुई दिसत नव्हती. ती खोटं बोलली असती तर कुणाला कळलंही नसतं. मग मी कशीबशी घरी पोचले असते, ती जिंकली असती, आणि माझं इंजिन कायमचं गेलं असतं.

“लालला टेकतेय,” ती म्हणाली. “काका, बंद करू? हरले तर हरले. हिला जाळून नाही न्यायची मला.”

हितेश उतरून आलाच. “ताई, कशाला त्रास? करा बंद. दोरी बांधू.”

“बंद नको करू,” हरिचंद्र म्हणाले. “तापलेली परत सुरू व्हायची नाय. हीटर खोल.”

“या उन्हात हीटर?”

“पुरा खोल, बाय!”

ही माझ्या माहेरच्या थंडीची सोय. इंजिनाची उष्णता ओढून ती बसणाऱ्यांच्या पायांवर सोडते. राजसीनं खटका ओढला आणि तिच्या पायांशी चूलच पेटली. पातळ चपलांत तिचे पाय भाजत होते, तरी ओठ चावून ती क्लच सांभाळत राहिली. हरिचंद्रांनीही पाय मागे घेतले नाहीत. मागे नवरा मजेत हात हलवत होता, त्याला बिचाऱ्याला काय कल्पना!

“थांबली, काका. सुई थांबली.”

देऊळ आलं, नवरा उतरला. पुढे मोकळा रस्ता आणि वारा मिळाला, आणि मी शेडपुढे येऊन ऐटीत उभी राहिले. “मानलं, ताई,” हितेश म्हणाला आणि टेम्पो वळवून गेला.

संजीवनीबाईंनी राजसीचे लाल पाय पाहिले. बादली आणून त्यांनी त्यांवर गार पाणी ओतलं. “घेऊन जा,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

आज सकाळी निघायची वेळ झाली. हरिचंद्रांनी माझ्या बॉनेटवर बराच वेळ हात ठेवला. मला खूप वाईट वाटलं. शेड रिकामी ठेवू नका हो, एखादी मोडकी स्कूटर तरी आणा, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं. राजसीनं मला गल्लीच्या टोकाला नेऊन वळवलं, तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला आणि माझा आवाज त्यात बुडाला. हरिचंद्र शेडकडे तोंड करून हात हलवत होते.

संजीवनीबाईंनी खांद्याला धरून त्यांना हळूच माझ्या बाजूला वळवलं. “अहो, इकडे. दिसतेय का?”

“दिसतेय की,” ते म्हणाले, आणि हात हलवत राहिले.